'वजन' या शब्दाचा एक इतिहास : क्वेकर सभा आणि गुलामगिरीचा प्रश्न (१६८८–१७७६)

'त्यांच्या शब्दाला वजन आहे' असे आपण सहज म्हणून जातो. या लक्षणेत बोलणाऱ्याची योग्यता आणि बोलण्याचे मोल ही दोन्ही एकत्र आलेली असतात. दोहोंपैकी कोणते अभिप्रेत आहे याचा खुलासा करण्याची गरज व्यवहारात पडत नाही. परंतु एखाद्या समाजाने याच लक्षणेवर आपला सगळा निर्णयव्यवहार उभारला, तर तिच्यातील ही संदिग्धता केवळ भाषिक राहत नाही. तिचे परिणाम माणसांना भोगावे लागतात. इंग्लंड-अमेरिकेतील क्वेकर समाजाच्या इतिहासात असे घडलेले दिसते. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील एकाच प्रकरणाचा विचार करावयाचा आहे.

मराठी अभ्यासकाला हा समाज अगदीच अपरिचित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्लंडमधील क्वेकर मंडळी नर्मदेकाठी होशंगाबादच्या परिसरात कार्य करीत होती. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात नयी तालीमच्या कामाला वाहून घेणाऱ्या मार्जोरी साइक्स (१९०५–१९९५) या क्वेकर होत्या आणि भारतातील क्वेकरांचा इतिहासही त्यांनीच लिहिला. तथापि या समाजाची सेवावृत्ती आपल्याला जितकी ठाऊक आहे तितकी त्याची सभा ठाऊक नाही. आणि त्या समाजाचे मर्म सभेतच आहे.

जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) याच्या उपदेशातून सतराव्या शतकाच्या मध्यास उत्तर इंग्लंडमध्ये हा समाज उदयास आला. ईश्वराचा प्रकाश प्रत्येक माणसाच्या अंतरी आहे, म्हणून त्याच्याशी बोलण्यास पुरोहिताची मध्यस्थी नको, ही त्याची मूळ श्रद्धा. तिचा परिणाम उपासनेच्या स्वरूपावर झाला. वेदी नाही, स्तोत्रे नाहीत, ठरलेले प्रवचन नाही. साध्या खोलीत बाकांवर स्त्रीपुरुष निःशब्द बसतात. कोणास आतून प्रेरणा झाली तर तो किंवा ती उठून चार शब्द बोलते, आणि पुन्हा शांतता पसरते. आपल्याकडील साधकाच्या मौनाशी याची तुलना करण्याचा मोह होतो. पण तेथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. साधकाचे मौन एकट्याचे असते. क्वेकरांचे मौन सभेचे असते. एकाने एकांतात पाळावयाचे ते व्रत नसून, कोणी केव्हा बोलावे आणि इतरांनी ते कसे ऐकावे याची ती सामुदायिक शिस्त आहे.

ही शिस्त किती खोल रुजली होती याचे एक उदाहरण ब्रिस्टल येथील आहे. राज्यमान्य चर्चबाहेरील उपासना तेव्हा कायद्याने गुन्हा होती. १६८२ मध्ये तेथील प्रौढ क्वेकर तुरुंगात पडले असता त्यांच्या मुलांनी सभा चालू ठेवल्या. सभा ही उपदेशकावर अवलंबून नव्हती, म्हणूनच हे शक्य झाले. १६८९ च्या कायद्याने या छळाला बराच आळा बसला.

याच शिस्तीचे दुसरे अंग भाषेत दिसते. त्या काळच्या इंग्रजीत वरिष्ठास बहुवचनी सर्वनाम लावण्याची रीत होती आणि एकवचनी सर्वनाम जवळच्यांसाठी, कनिष्ठांसाठी व देवासाठी उरले होते. क्वेकरांनी सर्वांना एकवचनीच संबोधण्याचा आग्रह धरला. फॉक्सने दोन सहकाऱ्यांसह १६६० मध्ये एक ग्रंथच प्रसिद्ध केला आणि लॅटिन, ग्रीक, हिब्रू आदी अनेक भाषांतील दाखले देऊन एकवचन-अनेकवचनाचा भेद राखण्याचे समर्थन केले. विठ्ठलाला 'तू' म्हणणारा वारकरी पाटलाला 'तुम्ही' म्हणतो. क्वेकराने देवाला आणि न्यायाधीशाला एकच सर्वनाम लावले, आणि त्यापायी मार खाल्ला. वारांची व महिन्यांची नावे मूर्तिपूजकांच्या देवतांवरून पडली म्हणून तीही त्यांनी टाकली व केवळ क्रमांक वापरले. पदवी, मुजरा, टोपी काढणे, सारे गेले. भाषेतून उच्चनीचता काढून टाकण्याचा एवढा पद्धतशीर प्रयत्न दुसऱ्या कोणत्या समाजाने क्वचितच केला असेल.

तथापि समाज म्हटला की निर्णय आलेच. कोणाचे लग्न व्हावयाचे आहे, कोणाच्या विधवेला मदत हवी आहे, कोणी कर्ज बुडविले आहे, या सर्वांचा विचार गावोगावच्या मासिक सभेत होई. तिच्यावर त्रैमासिक सभा आणि त्याहून वर वार्षिक सभा, अशी रचना फॉक्सच्या हयातीतच सिद्ध झाली. या सभाही मौनानेच सुरू होत. त्यांत मतदान नसे. बहुमताला काही अधिकार नव्हता. कारण ईश्वरी सत्य हात वर करून ठरत नाही अशी समजूत होती. निरनिराळी मते ऐकून सभेचा कल कोणीकडे आहे हे चिटणीस ओळखी आणि त्याप्रमाणे इतिवृत्त लिही. सभेने ते मान्य केले म्हणजे निर्णय झाला. एकमत होत नसेल तर विषय पुढे ढकलावयाचा.

आता चिटणिसाने कल ओळखावयाचा तो कसा? बोलणारे मोजावयाचे नसतील तर तोलावे लागतात. तेथे 'वजन' ही कल्पना आली. जे बोलणे अंतःप्रेरणेतून आले ते वजनदार. जो विषय गंभीर तो वजनदार. आणि ज्याच्या बोलण्याला सभा मान देते तो मनुष्यही वजनदार. शेवटचा प्रयोग क्वेकरांच्या बोलीत इतका रूढ झाला की तो आजतागायत टिकून आहे. सर्वनामांतून हद्दपार केलेली प्रतिष्ठा या विशेषणाच्या वाटेने परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

याची परीक्षा पेनसिल्व्हेनियात झाली. १६८१ मध्ये विल्यम पेन या क्वेकराला इंग्लंडच्या राजाकडून ही वसाहत मिळाली. दोन वर्षांनी क्रेफेल्डकडील डच-जर्मन कुटुंबांनी फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन हे गाव वसविले. अमेरिकेतील इंग्रज वसाहतींत तेव्हा आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची विक्री सर्रास होत असे आणि खरेदीदारांत क्वेकरही होते. पेनच्या स्वतःच्या पदरी गुलाम होते. खुद्द फॉक्सने १६७१ मध्ये बार्बाडोस बेटावर गेला असता गुलामांना दयेने वागवावे, धर्म शिकवावा व काही वर्षांनी मुक्त करावे एवढाच उपदेश केला होता. ती प्रथाच पाप होय असे तो म्हणाला नाही.

१६८८ मध्ये जर्मनटाउनच्या चौघांनी आपल्या मासिक सभेकडे एक निवेदन धाडले. त्यांत गावाचा संस्थापक फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस हाही होता. लिहिणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजी नव्हती हे त्या लेखाच्या वाक्यावाक्यांत जाणवते. पण युक्तिवादात कोठेही चाचपडणे नाही. आपल्याला जसे वागविलेले आवडेल तसेच आपण इतरांस वागवावे. समुद्रावर तुर्कांची गलबते दिसली की पकडून गुलाम करतील या भीतीने आपले लोक थरथरतात, मग आपण करतो ते त्याहून बरे कसे. ही बातमी युरोपात पोचल्यावर तेथील लोक काय म्हणतील. आणि तुम्हांला गुलाम ठेवण्याचा जेवढा हक्क आहे तेवढा त्यांना आपल्या स्वातंत्र्यासाठी लढण्याचा नाही काय, असे त्यांनी विचारले.

या लेखाच्या तारखेविषयी येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. त्यावर 'दुसऱ्या महिन्याची १८ तारीख' असे आहे आणि पुष्कळ ठिकाणी ती फेब्रुवारी म्हणून छापलेली आढळते. परंतु १७५२ पूर्वी इंग्रजी वर्षाचा आरंभ मार्चमध्ये होत असे, म्हणून क्वेकरांचा दुसरा महिना तो एप्रिल. शिवाय ज्या मासिक सभेत हा लेख वाचला गेला तिची तारीख 'दुसऱ्या महिन्याची ३०' अशी नोंदली आहे. फेब्रुवारीला ३० तारीख नसते. तेव्हा या बाबतीत शंकेला जागा उरत नाही.

पुढे काय झाले ते इतिवृत्तांवरून कळते. मासिक सभेने विचार केला आणि विषय इतका वजनदार आहे की येथे त्यात हात घालणे इष्ट नाही, असे लिहून तो त्रैमासिक सभेकडे पाठविला. जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या त्रैमासिक सभेनेही विषयाचे वजन आपल्याला पेलणारे नाही असे नोंदवून तो वर चढविला. सप्टेंबरात बर्लिंग्टन येथे वार्षिक सभा भरली. प्रश्नाचा संबंध इतर अनेक प्रदेशांशी आहे, म्हणून येथे निश्चित निर्णय देणे योग्य नाही, असे तिने ठरविले. निवेदन खोटे आहे असे कोणीही म्हटले नाही. त्याला उत्तरही मिळाले नाही. विषयाचे वजन हेच तो बाजूला ठेवण्याचे कारण झाले.

हा केवळ शब्दांचा खेळ समजू नये. वार्षिक सभेच्या धुरीणांपैकी अनेकांच्या घरी गुलाम होते. एकमताशिवाय निर्णय नाही या नियमामुळे दुर्बळ अल्पमताला संरक्षण मिळते हे खरे; पण त्याच नियमाने सबळांच्या हितसंबंधांनाही संरक्षण मिळते. ज्यांच्याबद्दल हा विचार चालला होता त्यांना तर सभेत आवाजच नव्हता. त्यांच्या बाजूने मौन हे साधन नव्हते, लादलेली स्थिती होती.

नंतरच्या पन्नास वर्षांत ज्यांनी ही शांतता मोडली त्यांची वाट बिकट होती. बेंजामिन ले (१६८२–१७५९) याने १७३८ च्या वार्षिक सभेत, पोकळ केलेल्या पुस्तकात लपविलेली लाल रसाची पिशवी तलवारीने फोडून तो रस रक्तासारखा उपस्थितांवर उडविला. सभेने त्याला समाजाबाहेर काढले. त्याच्या म्हणण्यात सत्य होते. परंतु सभेच्या परिभाषेत त्याला वजन नव्हते.

न्यू जर्सीतील माउंट हॉली येथील जॉन वुलमन (१७२०–१७७२) याचा मार्ग वेगळा होता. दस्तऐवज लिहिण्याचे काम करीत असता तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून त्याने एका गुलाम स्त्रीचे विक्रीपत्र लिहून दिले आणि त्याची टोचणी त्याला लागली. पुढे गुलाम वारसाने देणारी मृत्युपत्रे लिहिण्यास तो नकार देऊ लागला. प्रवासात गुलाम बाळगणाऱ्याच्या घरी उतरला की तेथील गुलामांच्या श्रमाचे पैसे देऊन निघे. १७५४ मध्ये त्याची या विषयावरील पुस्तिका प्रसिद्ध झाली. फिलाडेल्फियातील शिक्षक अँथनी बेनेझे (१७१३–१७८४) याचीही त्याला साथ होती. त्याच सुमारास फ्रेंचांशी चाललेल्या युद्धाच्या प्रश्नावरून काही क्वेकरांनी १७५६ मध्ये विधिमंडळ सोडले आणि समाजात आत्मपरीक्षणाचे वारे वाहू लागले.

१७५८ च्या वार्षिक सभेत गुलामगिरीचा विषय निघाला तेव्हा वुलमन पुष्कळ वेळ गप्प बसून होता. विषय आणखी लांबणीवर टाकण्याकडे कल झुकू लागल्यावर तो उठला. ईश्वराने मार्ग उघडून देण्याची वाट पाहत बसलो तर त्याचे उत्तर कठोर असू शकेल, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. म्हणजे सभेची जी जुनी सबब तिलाच त्याने हात घातला. त्या सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सभासदांना कामकाजाच्या सभेत बसण्यास मनाई केली आणि वुलमनसह पाच जणांना गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरोघरी जाऊन बोलण्याचे काम सोपविले. समितीचे हे काम वर्षानुवर्षे चालले. अखेर १७७६ मध्ये गुलामांना मुक्त करण्यास नकार देणाऱ्यांना समाजातून काढून टाकण्याचा निर्णय झाला. जर्मनटाउनच्या निवेदनापासून मोजल्यास ८८ वर्षे लोटली होती.

या दीर्घ विलंबाचे समर्थन करता येत नाही. त्या अवधीत कित्येक माणसे जन्मली आणि गुलामीतच मेली. मात्र हेही नोंदविले पाहिजे की निर्णय झाला तो केवळ कागदावर राहिला नाही. घरोघर जाऊन एकेका कुटुंबाशी बोलून तो तयार झाला होता, त्यामुळे तो अमलातही आला. पेनसिल्व्हेनियाने क्रमाने मुक्ती देणारा कायदा केला तो १७८० मध्ये. मुक्ती म्हणजे समता नव्हे, हाही धडा याच इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या सभागृहात कृष्णवर्णीयांसाठी वेगळे बाक होते आणि सारा मॅप्स डग्लस (१८०६–१८८२) या शिक्षिकेने त्या अपमानाविषयी स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले आहे. सर्वांना एकच सर्वनाम लावणाऱ्या समाजात बाक मात्र दोन होते.

आज जगातील क्वेकरांपैकी फार मोठा भाग आफ्रिकेत, विशेषतः केनियात आहे, आणि तेथील उपासनेत प्रवचन व गायन असते. तेव्हा मौनाची सभा हेच या समाजाचे एकमेव रूप मानणे चुकीचे ठरेल. परंतु जेथे ती सभा चालू आहे तेथे मतदान नाही आणि चिटणिसाने कल ओळखण्याची पद्धतही चालू आहे.

जर्मनटाउनचे मूळ निवेदन जुन्या कागदांत विस्मृत होऊन पडले होते. ते १८४४ मध्ये सापडले, पुन्हा दृष्टिआड झाले आणि २००५ मध्ये फिलाडेल्फियातील एका सभागृहाच्या तिजोरीत पुन्हा हाती लागले. संशोधकाच्या दृष्टीने यातील तात्पर्य असे की, कोणत्याही संस्थेची इतिवृत्ते वाचताना मंजूर झालेल्या ठरावांइतकेच पुढे ढकललेल्या विषयांकडे लक्ष द्यावे. ग्रामसभा असो, जातपंचायत असो की विद्यापीठाचे मंडळ असो, 'विषय महत्त्वाचा असल्याने तूर्त तहकूब' हे वाक्य आपल्याही दप्तरांत जागोजाग भेटते. ते कोणी लिहिले, त्या वेळी खोलीत कोण बसले होते आणि कोणाला बसता आले नव्हते, एवढे तीन प्रश्न विचारले तरी त्या वाक्याचे खरे वजन कळू लागते.