टोलरस्त्यावरची खानावळ

अमेरिकेला जाऊन आलेली मंडळी सांगतात, तिथल्या महामार्गावरच्या विश्रांतिस्थळी बाकं असतात, स्वच्छतागृह असतं, पण हॉटेल नसतं. आता यामागचा इतिहास बघा.

१९३७ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने कायदा करून टर्नपाइक कमिशन नेमलं. १ ऑक्टोबर १९४० ला १६० मैलांचा टोलरस्ता सुरू झाला. पेट्रोलपंप आणि हॉवर्ड जॉन्सनची उपाहारगृहं रस्त्याच्याच आवारात! गाडीवाल्याला बाहेर पडायचं कारणच उरलं नाही. मग शेजारच्या जुन्या लिंकन हायवेवरच्या खानावळवाल्यांनी काय करायचं?

१९५६ च्या केंद्रीय कायद्याने नव्या इंटरस्टेट महामार्गांच्या हद्दीत पंप-हॉटेलांना मनाई केली. प्रवाशाने गावात उतरावं, चार पैसे तिथे खर्चावेत, हा हेतू. मला तो पटतो. जुन्या टोलरस्त्यांवरची दुकानं मात्र तशीच राहिली. (आधी बसला त्याची जागा, आपल्या एसटीसारखंच!)

त्याच कायद्यामुळे टोलरस्त्याला थेट जोडणी करायला केंद्राचा पैसा सहज मिळेना. म्हणून ब्रीझवूडला इंटरस्टेट ७० वरून टर्नपाइकवर जाताना आजही सिग्नल लागतात, आणि दुतर्फा मोटेलं, पंप, खाण्याची दुकानं. ते चिमुकलं गाव त्या खोळंब्यावरच जगलं. थेट जोडणीचा विषय निघाला की तिथले दुकानदार विरोध करत आले आहेत.