निसर्गशोभा आणि जमिनीचा इतिहास : निलगिरीचे एक उदाहरण

दक्षिणेतील थंड हवेच्या ठिकाणांचा प्रवास करून आलेला मनुष्य निलगिरीचे वर्णन बहुधा ‘निसर्ग’ या एकाच शब्दाने करतो. मेट्टुपाळयमहून दात्यांच्या रुळावर चढणारी आगगाडी, कुन्नूरच्या उतारांवरील चहाचे मळे, उटकमंडचे तळे आणि युकॅलिप्टसच्या रांगा ही सारी त्याला अनादी वाटतात. वस्तुतः यांपैकी एकही गोष्ट इ. स. १८१९ पूर्वी तेथे नव्हती. हे दृश्य कोणी, केव्हा व कोणाच्या जमिनीवर घडविले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१७९९ मध्ये टिपूच्या पाडावानंतर हा प्रदेश कंपनीकडे आला. कोईमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ मध्ये पठारावर गेला. त्याने उटकमंडला घर बांधले, पुढे तळे बांधविले. परंतु पठार ओसाड नव्हते. म्हशींचे कळप पाळणारे तोडा, शेती करणारे बडगा, लोहारकाम व कुंभारकाम करणारे कोटा आणि रानात राहणारे कुरुंब यांच्यात वस्तूंची व सेवांची परस्पर देवघेव चालत असे. गावाच्या नावातील ‘मंड’ हा शब्दच तोडांच्या वस्तीचा वाचक आहे.

येथे जमिनीच्या स्वामित्वाचा प्रश्न उपस्थित झाला. सलिव्हनने स्वतः विस्तीर्ण जमीन मिळविली हे खरे; तथापि तोडांचा स्वामित्वहक्क मान्य व्हावा असा आग्रहही त्यानेच धरला. मद्रासचा गव्हर्नर लशिंग्टन याचे मत त्याच्या विरुद्ध होते. अखेरीस सरकारने तोडांचा चराईचा हक्क तेवढा मानला, स्वामित्व मानले नाही. याच सुमारास आपल्याकडे महाबळेश्वर वसत होते, त्याच्याशी तुलना उद्बोधक ठरते. तेथील जागा १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून घेण्यात आली. तेथे कराराला राजा होता. निलगिरीत मात्र राजमुद्रा नसलेले पशुपालक होते. ज्यांच्याकडे दप्तर नव्हते, त्यांचा हक्क दप्तरात संकोच पावला.

पुढचे परिवर्तन वनस्पतींचे झाले. मूळचे पठार म्हणजे विस्तीर्ण कुरणे व दऱ्यांतील ‘शोला’ नावाची दाट वने. त्यांवर ऑस्ट्रेलियातील युकॅलिप्टस व वॅटल यांची लागवड झाली. १८६० मध्ये दक्षिण अमेरिकेतून सिंकोना आला. कॉफीला तांबेरा रोगाने ग्रासल्यावर चहाचे महत्त्व वाढले. रेल्वे १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत व १९०८ मध्ये उटकमंडपर्यंत पोहोचली. ४६ किलोमीटरांत ३२६ मीटरांवरून २,२०३ मीटरांवर चढणारा हा मार्ग २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाला.

मळ्यांसाठी मजूर लागत. कंगाणी म्हणविणारे मुकादम तामिळ मैदानांतील दरिद्री कुटुंबांना उचल देऊन मळ्यांवर आणीत. त्याच मैदानांतून, त्याच पद्धतीने, लाखो माणसे सिलोनच्या मळ्यांवरही गेली. सिलोन स्वतंत्र झाल्यावर त्यांतील बहुसंख्य नागरिकत्वाविना राहिले. ऑक्टोबर १९६४ च्या शास्त्री–सिरिमावो कराराने ५,२५,००० जणांना भारताने स्वीकारावे असे ठरले. परतणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी मद्रास राज्याने १९६८ मध्ये निलगिरीत चहालागवडीचा सरकारी प्रकल्प हाती घेतला; १९७६ मध्ये त्याचे महामंडळ झाले. ज्यांचे आजे-पणजे मैदान सोडून समुद्रापलीकडच्या डोंगरावर गेले होते, ते नातू ‘मायदेशी’ परतले ते कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या डोंगरावर, आणि पुन्हा चहाच खुडू लागले. त्यांना निवारा देणारी जमीनही पूर्वी कोणाच्या तरी वहिवाटीतली होती, हे विसरून चालत नाही. एका अन्यायाचे परिमार्जन दुसऱ्या अन्यायाच्या भूमीवर उभे राहिले.

म्हणून हिरव्या उतारांचे सौंदर्य खोटे ठरत नाही. ते सौंदर्य मानवी श्रमांचे व मानवी विस्थापनाचे आहे, इतकेच. अभ्यासकाने निलगिरीस अवश्य जावे. मात्र तळ्याच्या काठी उभे राहिल्यावर तेथे पूर्वी कोणाच्या म्हशी चरत होत्या, आणि मळ्याकडे पाहताना पाने खुडणारे हात कोठून आले, हे त्याने विचारावे. हे दोन प्रश्न विचारले, की प्रेक्षणीय स्थळ इतिहासाचे साधन होते.