स्पार्कची वेळ

इंजिनिअरिंगला असताना स्वारगेटच्या एका गॅरेजमध्ये काका जुन्या स्कूटरचे पॉइंट सेट करत होते. मी म्हणालो, "काका, स्पार्क कधी टाकायचा ते माझा लॅपटॉप सांगेल."

"वेळेवर सांगेल ना?"

घरी गणित मांडलं. ६००० आरपीएमला एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो. एक अंश जेमतेम २८ मायक्रोसेकंदांत. लॅपटॉप दुसऱ्या कामात एक मिलिसेकंद अडकला, तर स्पार्क ३६ अंश उशिरा! उत्तर बरोबर, तरी चूक.

म्हणून गाड्यांना फक्त इंजिन सांभाळणारा संगणक लागला. १९७९ मध्ये बॉशच्या मोट्रॉनिकनं बीएमडब्ल्यू ७३२आयमध्ये इंधन आणि स्पार्क दोन्ही एकत्र सांभाळले. आपल्या बजाजनं २००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय दिलं. दोन प्लगच्या स्पार्कची वेळ चिपकडे गेली, इंधन कार्बुरेटरकडेच राहिलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक नव्या दुचाक्यांतून कार्बुरेटरही गेला.

आता ती वेळ ईसीयूमधल्या तक्त्यात असते. माझ्यासारख्याच कुणीतरी भरलेल्या. काकांकडे स्कॅनर आहे. एरर कोड दिसतो, तक्ता उघडत नाही. पॉइंट निदान त्यांना उघडून बघता यायचे.