रुपयाचे सोळा आणे

अंकशास्त्र म्हटले की ते पंडितांचे काम, असे आपण समजतो. परंतु गारगोटीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या, ज्यांना आपण अडाणी म्हटले, त्या एका अवघड अंकपद्धतीत रोज तोंडी हिशेब करीत होत्या. बारा पैंचा, म्हणजेच चार पैशांचा, एक आणा. सोळा आण्यांचा रुपया. म्हणजे रुपयाच्या पै झाल्या १९२.

मराठी जमाखर्चातील जुन्या खुणा पाहा. चार आण्यांसाठी एक उभी रेघ, सुट्या आण्यासाठी एक आडवी किंवा तिरपी. सात आणे म्हणजे एक उभी, तीन आडव्या. तेरा आणे म्हणजे तीन उभ्या, एक आडवी. कोणत्याही घरात तीनहून अधिक रेघा लागत नाहीत. चौथी आली की वरच्या घरात एक चढते. आपण दहावर हातचा घेतो, तसा येथे चारावर. गणिती ज्याला चार ह्या पायावरची अंकपद्धती म्हणतात, ती हीच होय.

१९२ ह्या संख्येचा गुण असा, की तिला चौदा संख्यांनी निःशेष भाग जातो. शंभराला केवळ नऊ संख्यांनी. तिघांनी मिळून रुपया कमावला तर प्रत्येकास पाच आणे चार पै, शिल्लक शून्य. शंभर पैसे तिघांत वाटा, एक पैसा उरतोच. उलट, शंभर पैसे पाच जणांत बिनबोभाट वाटले जातात, आणि १९२ पै वाटू गेल्यास दोन उरतात. तेव्हा कोणतीही पद्धत सर्वगुणसंपन्न नव्हे.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. हिशेब सोपा झाला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु आणा सव्वासहा नव्या पैशांचा ठरला, आणि पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून कोष्टक असे झाले: एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५ नवे पैसे. बरोबर अर्धा पैसा येई तेथे तो सोडून दिला जाई.

आता समजा, नगामागे मजुरी दोन आणे. शंभर नगांचे दोनशे आणे, म्हणजे साडेबारा रुपये. पण एकेका नगाचे आधी १२ पैसे केले आणि मग शंभराने गुणले, तर हाती येतात बारा रुपये. आठ आणे गेले कोठे? कोणी खिशात हात घातला नाही. केवळ हिशेबाचा क्रम बदलला. दोन आण्यांची वस्तू घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा मात्र ह्याच नियमाने अर्धा पैसा वाचे. नियम एकच, नफा-तोटा तुम्ही कोणत्या बाजूला उभे आहात त्यावर.

१ जून १९६४ पासून ‘नवा’ हा शब्द गळाला. ३० जून २०११ पासून चार आण्यांचे नाणेही व्यवहारातून गेले. ‘सोळा आणे खरे’ एवढे बोलण्यात राहिले. पण नगावर, किलोवर, तासावर मजुरी अजून ठरते, आणि तिचा अपूर्णांक अजून कोठेतरी मोडला जातो. म्हणून मजुरीचा दर ठरविताना एक कलम लिहून घ्यावे: आधी सर्व बेरीज, मोड शेवटी, आणि तीही एकदाच.