हॉट रॉड आणि कालनिष्ठा

१९३२ साली फोर्डने सामान्यांच्या मोटारीत ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिन बसवले. पुढे याच गाड्या जुन्या होऊन कॅलिफोर्नियातील तरुणांच्या हाती आल्या. त्यांनी मडगार्ड काढले, छत कापून बुटके केले, जादा कार्ब्युरेटर जोडले आणि म्युरॉक, एल मिराज येथील कोरड्या तलावांच्या तळावर त्या पळवल्या. हाच हॉट रॉड. मूळ गाडीविषयी त्यांना आदर असा नव्हताच!

आज ‘कालनिष्ठ’ हॉट रॉड बांधणारा एक वर्ष ठरवतो, समजा १९४८, आणि त्यानंतरचा एकही सुटा भाग गाडीला लागू देत नाही. १९५५च्या शेवरोलेचे व्ही-८ अधिक समर्थ, तरीही वर्ज्य. शिस्त आपल्या पाठचिकित्सेचीच: उत्तरकालीन शब्द दिसला की ओवी प्रक्षिप्त. मात्र पाठचिकित्सक मूळ संहिता शोधतो. इथे जपला जातो तो प्रक्षेपच. शिवाय १९४८च्या त्या पोराला शेवरोलेचे इंजिन मिळते, तर त्याने ते त्याच रात्री बसवले असते. मग ही निष्ठा कोणाशी? त्याच्या ओढीशी नव्हे, त्याच्या हातांशी, असे मला वाटते. आणि ती मी कमी लेखणार नाही. त्याच्याच अवजारांनी काम केल्यावाचून छत वाऱ्यासाठी कापले की रुबाबासाठी, कोणता सांधा नाइलाजाचा आणि कोणता हौसेचा, हे उमगत नाही.