पोपची पांढरी मोटार

डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल मुंबईला आले. भारतात आलेले ते पहिले पोप. ओव्हल मैदानावर कॅथलिकांची जागतिक परिषद भरली होती. गर्दीला पोप नीट दिसावेत म्हणून अमेरिकेतून त्यांना एक मोटार भेट मिळाली होती: लिंकन कॉन्टिनेन्टल, पांढरीशुभ्र, उघड्या टपाची. परत जाताना त्यांनी ती मदर तेरेसांना देऊन टाकली.

ही हकीकत मी आमच्या महिला मंडळात सांगितली तेव्हा एक बाई पटकन म्हणाल्या, "त्यांना काय बाई, फुकट आली, फुकट दिली!" हसलो सगळ्या. पण मला ते पटलं नाही. मुंबईला येण्याच्या तीनच आठवडे आधी, नोव्हेंबरात, याच पोपनी आपला रत्नजडित मुकुट उतरवून गरिबांसाठी अर्पण केला होता. म्हणजे मोटार देणं ही निघता निघता आलेली लहर नव्हती, माणूस त्या विचारातच होता.

आणि साल बघा कोणतं. देशात धान्याची टंचाई, परदेशी गव्हावर भिस्त. पंतप्रधान शास्त्रीजींनी घरच्यांसाठी फियाट घेतली ती बँकेचं पाच हजार रुपये कर्ज काढून. ते गेल्यावर ललिताबाईंनी पेन्शनमधून ते फेडलं. (नवऱ्याच्या हौसेचे हप्ते बायकोनं फेडायचे, हे पंतप्रधानांच्या घरालाही चुकलं नाही.) अशा दिवसांत लिंकनसारखी गाडी कलकत्त्याच्या साध्वींच्या दारात उभी राहिली असती, तर ती काय कामाची? पेट्रोल कोण भरणार, सुटे भाग कुठून आणणार, आणि जिच्या अंगावर जाडंभरडं लुगडं, ती त्यात बसून कुष्ठरोग्याकडे कशी जाणार?

मदर तेरेसा त्यात एकदाही बसल्या नाहीत असं सांगतात. त्यांनी गाडीची सोडत काढली. सरळ विकली असती तर एका श्रीमंताकडून एका गाडीची किंमत आली असती. सोडतीत मात्र ज्याला तिचं एक चाकही परवडलं नसतं, त्यालाही तिकीट घेता येतं. गाडी एकाला मिळते, पण पैसा शेकडो घरांतून येतो. झालंही तसंच, विक्रीतून मिळाले असते त्याहून कितीतरी जास्त पैसे जमले. ते आसनसोलजवळच्या शांतिनगर या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीच्या कामी लागले.

आता इथे माझ्यासारखीला ठेच लागते. लहानपणी पाठशाळेत सात व्यसनं पाठ केली, त्यात पहिलं नाव जुगाराचं. तिकीट काढून नशीब आजमावणं म्हणजे जुगारच की! मग त्या पैशाला दान म्हणायचं? मी यावर बराच विचार केला. आपण मंदिरात बोली लावतो तेव्हा तरी काय होतं? पहिल्या कलशाचा मान एकाला मिळतो, चढाओढीत अहंकारही थोडा फुगतो, आणि पैसा धर्मकार्याला जातो. पण बोलीत हरणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, सोडतीत जातं. हा फरक मला मोठा वाटतो. मी असते तर सोडत काढली नसती, लिलाव केला असता. पैसे कमी आले असते हे मान्य. शांतिनगरातल्या एखाद्या बाईनं मला विचारलं असतं की, तुमच्या नियमापायी माझ्या डोक्यावरचं छप्पर का अडलं, तर मात्र मला उत्तर सुचलं नसतं.

कुष्ठरोग आमच्या भागाला परका नाही. रामाकोना आज मध्य प्रदेशात आहे. १९५६ साली सीमा आखल्या गेल्या, पण बोली, बाजार आणि दवाखाना यांसाठी आमचं तोंड नागपूरकडेच राहिलं. छिंदवाडा-नागपूर छोट्या लायनीची गाडी आमच्या स्टेशनावर थांबायची. तिकडे खाली वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ पासून कुष्ठसेवा मांडली होती. वरोऱ्याला बाबा आणि साधनाताई आमट्यांनी आनंदवन सुरू केलं ते सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपयांवर. तिथे कुणी मोटार दिली नव्हती. साधनाताई श्रीमंतीतून नव्हे, पण सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या. त्यांनी सोडलं ते मोटारीपेक्षा जड होतं.

हे सगळं मी का काढलं, तर आमच्या नात्यातल्या एका घरी नागपुरात अशीच एक उघड्या टपाची, दोन माणसांची, परदेशी गाडी उभी होती. हौसेनं घेतलेली, आता टपाचं कापड फाटलेलं, दुरुस्तीला हात घातला की हजारोंचा चुराडा. दशलक्षणात उत्तम त्यागाच्या दिवशी भाऊजी म्हणाले, "गाडी गोशाळेला देऊन टाकतो." जाऊबाईंनी तिथल्या तिथे विचारलं, "गायी चालवणार का ती?"

बोलणं तिखट होतं, पण खरं होतं. संस्थेला गाडी दिली की तिच्या माथी नोंदणीचं हस्तांतर, विमा, जागा आणि गिऱ्हाईक शोधणं, एवढं सगळं येतं. वर वस्तूच्या रूपात दिलेल्या दानावर आयकराची सूटही नाही. ती पैशाच्याच दानाला, आणि रोखीनं दिलं तर दोन हजारांपर्यंतच. आपली अडगळ दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवायची आणि फलकावर नाव लावून घ्यायचं, याला त्याग म्हणायला माझी जीभ रेटत नाही. विकण्याची कटकट आपण सोसावी आणि संस्थेला पैसे द्यावेत.

भाऊजींनी शेवटी तेच केलं. गिऱ्हाईक मिळायला चार महिने गेले, आणि मनात धरलेल्या किमतीच्या निम्मेही आले नाहीत. भाऊजी हिरमुसले. जाऊबाईंनी कमी पडलेल्या रकमेचा हिशेब विचारला नाही. आपल्या पाटल्यांतली एक मोडली, ते पैसे त्यात घातले आणि चाऱ्यासाठी म्हणून चेक पाठवला. पावती भाऊजींच्या नावानं आली.