वेंगुर्ल्याची डच वखार

अंधेरी-बोरिवलीत राहणाऱ्या माणसाला जुने फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, एवढेच दिसते. मंडपेश्वरच्या लेण्यांवरचे पडके चर्च, सीप्झच्या आवारात उरलेले १५७९ सालच्या चर्चचे अवशेष, गावठाणांतले क्रूस. हे साष्टी बेट १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होते आणि त्यांचा धर्म इथे रुजला. डचही मुंबईला येऊन गेले. १६२६ मध्ये इंग्रजांच्या जोडीने उतरून त्यांनी जाळपोळ केली. १६७३ मध्ये त्यांचे आरमार पुन्हा समोर येऊन ठाकले, पण गव्हर्नर आँजियरची तयारी पाहून माघारी गेले. त्यांची खूण मात्र मुंबईत नाही. ती पाहायला रात्रीच्या गाडीने वेंगुर्ले गाठावे लागते.

वेंगुर्ल्यातल्या त्यांच्या वखारीचा उगम व्यापारापेक्षा वेढ्यात आहे. १६३६ पासून डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे दरवर्षी गोव्याच्या तोंडाशी नांगर टाकून पोर्तुगीजांची वाट अडवू लागली. हा वेढा ऋतूवर चाले. पाऊस सरला की डचांच्या बटाव्हिया या ठाण्याहून जहाजे येत, लिस्बनच्या गलबतांच्या येण्याजाण्याचे महिने धरून ठेवत आणि मृगाच्या आधी निघून जात, कारण जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत या किनाऱ्यावर मोठे जहाज उघड्यावर टिकत नाही. मधल्या महिन्यांत शेकडो खलाशांना गोडे पाणी, जळाऊ लाकूड, तांदूळ आणि ताजे मांस लागे. हे सारे गोव्याच्या जवळ, पण पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर मिळायला हवे होते. वेंगुर्ले नेमके तसे होते, आणि मुलूख विजापूरकरांचा. योहान व्हॅन ट्विस्ट हा डच वकील विजापूरला मुहम्मद आदिलशहाच्या दरबारी गेला आणि १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात डचांचे बस्तान बसले.

वखारीचा खरा स्वभाव मला पावसाळ्यात दिसतो. आरमार गेलेले, समुद्र बंद, मागे मोजके कारकून. त्यांच्या हाती दोनच कामे उरत: ऐकणे आणि लिहिणे. घाटावरून उतरणारे व्यापारी, विजापूरचे हरकारे, गोव्यातून सुटून आलेले लोक, यांच्याकडून कळलेले सगळे कागदावर जाई आणि तिथून सुरतेला, बटाव्हियाला. त्याच पत्रांत शिवाजी महाराजांच्या दक्षिण कोकणातल्या हालचाली नोंदल्या गेल्या. मराठ्यांच्या इतिहासाला समकालीन साक्ष मिळाली ती अशी, मिरी-वेलदोड्याचे भाव लिहिणाऱ्या हातांकडून. वेंगुर्ल्याविषयीची ही नोंद हॉलंडच्या दप्तरखान्यात सुरक्षित राहिली, आणि ती जिथे लिहिली गेली ते घर आपल्याकडे ढासळते आहे, हे मला फार लागते.

उतार लवकर आला. पोर्तुगीजांशी तह झाला, १६६३ मध्ये कोचीन डचांच्या हाती पडले आणि गोव्यावर पहारा ठेवायची गरज सरली. शिवाय गावाने मराठे, मोगल, सावंत असे सगळ्यांचे तडाखे सोसले. सतरावे शतक संपता संपता वखारीचे महत्त्व गेले. १७९९ मध्ये डच कंपनीच बुडाली. १८१२ मध्ये सावंतवाडीकरांनी वेंगुर्ले इंग्रजांना दिले, पुढे वखारीत सरकारी कचेऱ्या बसल्या, आणि माझ्या मते त्यामुळेच ती इतकी वर्षे टिकली.

याचे कारण तिच्या दगडात आहे. भिंती जांभ्याच्या, म्हणजे आपल्या चिऱ्याच्या, चुन्यात बांधलेल्या. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेने कठीण होतो. पण त्याच्या अंगभर भोके, पाणी पिऊन बसतो. वर उतरते छप्पर, पुढे आलेली पागोळी आणि भिंतीला चुन्याचा गिलावा असेल तर तो शतके टिकतो. कोकणात दर उन्हाळ्यात कौले चाळायची, फुटलेली बदलायची, हे घराघरातले काम. कचेरीत माणसे होती तोवर गळती कुणाच्या तरी टेबलावर पडत होती, म्हणून कौले फिरत होती. कचेऱ्या हलल्या आणि कौले चाळणे थांबले. कौले गेली, वासे कुजले, भिंतींच्या डोक्यावरून पाणी आत मुरू लागले. सांध्यातला चुना धुपला की त्या फटीत पिंपळाचे बी रुजते आणि मुळे चिरे उचलतात. दाराच्या चौकटीशेजारी बोट लावले तर चिऱ्याची लाल भुकटी हाताला लागते.

वखार राज्य संरक्षित स्मारक आहे. पण साडेतीन महिने झड खाणाऱ्या भिंतीला नुसत्या फलकाचा आधार पुरत नाही. झाडे मुळांसकट काढणे, भिंतींचे माथे चुन्याने बंद करणे आणि वर छप्पर घालणे, या क्रमाने काम व्हायला हवे. सिमेंट मुळीच नको, ते चिऱ्यातली ओल कोंडून धरते. चिऱ्याचे गवंडी आणि उतरत्या छपराचे सुतार सिंधुदुर्गात आजही घरे बांधत आहेत.